शटर पडल्यावर ठेला लागतो: फेड एकामागून एक लावण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न वाचत बसलो तर लक्षात आलं की बहुतेकांचं दुखणं एकच आहे. एक चित्र हळूच विरायला पाहिजे, ते पूर्ण गेलं की दुसरं उमटायला पाहिजे (या विरण्या-उमटण्यालाच फेड म्हणतात), आणि नेमकं तेवढंच होत नाहीये. कोणाची दोन चित्रं एकदम येतात, कोणाला मध्येच पांढरं दिसतं, कोणाची गाडी तिसऱ्या चित्रावर अडकते ती अडकतेच. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला ठेवलेत आणि सगळी जागा यालाच दिलीय. पहिलं उत्तर लांब झालंय पण ते नीट वाचा, पुढची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): दादा नमस्कार, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मंडळासाठी अहिल्याबाईंच्या आयुष्यावर एक वेबपान बनवतोय, त्यात सहा चित्रं आहेत, प्रत्येकाखाली दोन ओळी. आपोआप एक जाऊन दुसरं यायला पाहिजे आणि पुढे-मागे अशी दोन बटणंपण आहेत. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतं पण मंडळाच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्टर लावला की सगळं आगेमागे होतं, आणि कोणी "पुढे" पटापट दाबलं तर दोन-तीन चित्रं एकमेकांवर दिसतात. सेटटाइमआउटचे, म्हणजे इतक्या वेळाने काम सुरू कर असं सांगणाऱ्या टायमरचे, आकडे बदलून बदलून थकलो. काय करू?

उत्तर: अरे, आकडे बदलणं आधी थांबव. चूक आकड्यात नाहीये.

तू जे केलंयस ते जवळपास सगळेच सुरुवातीला करतात. फेड ६०० मिलिसेकंदांचा ठेवला, म्हणून टायमर लावला की ६०० नंतर दुसरं सुरू कर, मग ३६०० नंतर तिसरं, असं करत करत सहा चित्रांचे बारा टायमर झाले. आता बघ, ६०० हा आकडा तू दोन ठिकाणी लिहिलायस, एकदा सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे हळूहळू होणाऱ्या बदलात, आणि एकदा स्क्रिप्टच्या टायमरमध्ये, आणि या दोघांची एकमेकांशी काही ओळखच नाही. सेटटाइमआउट म्हणजे "इतक्या वेळाच्या आधी करणार नाही" एवढंच वचन आहे, "बरोबर इतक्या वेळाने करीन" असं ते कधीच म्हणत नाही. मशीन जुनं असेल, तेव्हाच मोठा फोटो उघडत असेल, तर टायमर रांगेत थांबतो. पण ओपॅसिटीचा (चित्र किती ठळक दिसतं त्याचा, शून्य म्हणजे गायब, एक म्हणजे पूर्ण) फेड एकदा सुरू झाला की ब्राउझर तो बहुतेक वेळा स्क्रिप्टपासून वेगळा चालवतो, त्यामुळे तो वेळेवर संपतो आणि तुझा टायमर मागे राहतो. इथूनच आगेमागे सुरू होतं.

आपला सराफा आठव. दिवसभर सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री त्याच ओट्यांवर खाण्याचे ठेले. ठेलेवाला काय घड्याळात आठ वाजले म्हणून कढई मांडतो का? तो शटरकडे बघतो. शटर पडलं की सामान उतरवतो, मग त्या दिवशी सराफाने दहा मिनिटं उशीर केला तरी गोंधळ होत नाही. तुझ्या दुसऱ्या चित्राने तेच करायचं, घड्याळ नाही बघायचं, पहिल्याचं शटर पडलं का ते बघायचं.

हे सांगण्याची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून आहे. जुना रस्ता म्हणजे ट्रान्झिशनएंड नावाचा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरने दिलेली वर्दी, ट्रान्झिशन संपलं की तो येतो, मग त्याच्यात पुढचं सुरू करायचं. चालतं, पण यात तीन खड्डे आहेत आणि तिन्हीत मी स्वतः पडलोय म्हणून सांगतो. पहिला, तो दर प्रॉपर्टीला (बदलणाऱ्या प्रत्येक गुणाला) वेगळा येतो, म्हणजे तू ओपॅसिटीबरोबर चित्र थोडं वर सरकवत असशील तर तो दोनदा येणार आणि तुझं पुढचं चित्रही दोनदा सुरू होणार. दुसरा, तो आतल्या एलिमेंटवरून (पानाच्या एका तुकड्यावरून) बाहेरच्यावर चढत येतो, म्हणजे खालच्या ओळीचा फेड संपला तरी बाहेरच्या डब्याला वाटतं आपलंच संपलं. आणि तिसरा सगळ्यात वाईट, किंमत बदललीच नाही तर तो येतच नाही! चित्र आधीच शून्यावर आहे आणि तू पुन्हा शून्य केलंस तर ट्रान्झिशन होतच नाही, मग संपल्याची वर्दी कोण देणार, आणि तुझी साखळी तिथेच कायमची थांबते. कोणाची गाडी "कधीकधी" अडकते ना, त्यात बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून मी हल्ली दुसरा रस्ता सांगतो. कुठल्याही एलिमेंटवर ॲनिमेट म्हणून फंक्शन असतं, त्याला कुठून कुठे जायचं आणि किती वेळात ते द्यायचं, ते तुला एक ॲनिमेशन परत देतं आणि त्याच्याकडे फिनिश्ड नावाचं प्रॉमिस असतं, म्हणजे काम संपलं की पुरं होणारं वचन. आता एसिंक फंक्शन (मध्येच थांबून वाट बघू शकणारं, त्या वाट बघण्याला अवेट म्हणतात) लिहायचं आणि त्यात सरळ आपण बोलतो तसं लिहायचं: पहिल्याच्या विरण्यासाठी अवेट, मग दुसऱ्याच्या उमटण्यासाठी अवेट, मग तीन सेकंद थांबण्यासाठी अवेट. वरून खाली वाचलं की क्रम कळतो. बारा टायमरच्या जागी एक लूप. हे २०२० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांमध्ये आहे, त्यामुळे मंडळाचा कॉम्प्युटर जुना असला तरी ब्राउझर अपडेट असेल तर चालेल.

यातपण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू रात्री दोनला परत मला विचारशील. ॲनिमेट संपलं की एलिमेंट आपल्या मूळ स्टाइलवर परत उडी मारतं. म्हणजे चित्र सुंदर विरेल आणि शेवटी टपकन पुन्हा दिसेल. लोक मग फिल नावाचा ऑप्शन फॉरवर्ड्स करून टाकतात, त्याने दिसायला बरं होतं पण ते ॲनिमेशन त्या एलिमेंटवर बसूनच राहतं आणि नंतर तू स्टाइलमध्ये काहीही लिहिलंस तरी ऐकत नाही. त्यापेक्षा शेवटची किंमत आधीच स्टाइलमध्ये लिहायची आणि मग लगेच ॲनिमेट चालवायचं. चालू असताना ॲनिमेशन दिसतं, संपलं की खाली योग्य किंमत तयारच असते. आणि हो, ॲनिमेटचा वेग काही सांगितलं नाही तर एकसारखा असतो, सीएसएस ट्रान्झिशनचा नसतो, तिथे शेवटाला हळू होण्याची सवय आधीपासून घातलेली असते. त्यामुळे बदल केल्यावर फेड थोडा रुक्ष वाटेल, तर ईझिंग, म्हणजे वेगाचा चढउतार, स्वतः दे.

आता मंडळाच्या मशीनवरची दुसरी भानगड. तुझी चित्रं किती मोठी आहेत? फोनने काढलेले चार-पाच एमबीचे फोटो असतील तर फेड सुरू होतो तेव्हा चित्र आलेलंच नसतं. मग रिकामा डबा उमटतो आणि चित्र नंतर धप्पकन येतं. चित्राच्या एलिमेंटला डिकोड म्हणून फंक्शन आहे, तेही प्रॉमिस देतं, चित्र दाखवायला पूर्ण तयार झालं की ते पुरं होतं. उमटवण्याआधी त्याच्यावर अवेट कर. आणखी चांगलं म्हणजे चालू चित्र तीन सेकंद थांबलेलं असतं ना, त्या वेळात पुढचं डिकोड करायला लावून दे. आणि फोटो लहान करून घे, प्रोजेक्टरला एवढे पिक्सल लागतच नाहीत.

आता बटणाचं. कोणी "पुढे" पटापट दाबतं तेव्हा जुना क्रम चालूच असतो आणि नवा त्याच्या डोक्यावर बसतो. दोघं आपापल्या परीने चित्रं उमटवतात. उपाय सोपा आहे: एक नंबर ठेव, त्याला मी पिढी म्हणतो. बटण दाबलं की पिढी एकने वाढव आणि नव्या क्रमाला तो नंबर देऊन टाक. प्रत्येक अवेटनंतर त्याने बघायचं, माझा नंबर आणि आत्ताचा नंबर एकच आहे का, नसेल तर गुपचूप परत फिरायचं. चार ओळींचं काम आहे. त्याबरोबर अर्ध्यावर असलेला फेड थांबवायचा, पण थांबवताना आधी कमिटस्टाइल्स (आत्ताची किंमत स्टाइलमध्ये लिहून ठेवणारं फंक्शन) करून मग कॅन्सल, म्हणजे चित्र जिथे पोचलं होतं, समजा ०.४ वर, तिथेच राहील आणि नवा फेड तिथूनच पुढे जाईल. हे नाही केलं तर चित्र आधी झटक्याने पूर्ण दिसतं किंवा पूर्ण जातं, आणि तो झटका प्रोजेक्टरवर फार बोचतो. कॅन्सल केलं की फिनिश्डचं प्रॉमिस चूक म्हणून परत येतं, ते पकडून घे, नाहीतर कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) लाल होईल आणि तू उगाच घाबरशील.

आणि तंत्र झालं की एकदा विषयाकडे बघ रे. तुझी सहा चित्रं यातलीच असतील असा मला अंदाज आहे: १७२५ ला चौंडी, १७५४ ला कुंभेरीला खंडेराव गेले, १७६६ ला मल्हारराव, १७६७ ला कारभार हातात, मग महेश्वर, १७८० ला काशी विश्वनाथाचं मंदिर, आणि १७९५. या सगळ्यांना एकसारखे तीन सेकंद देऊ नकोस. खंडेराव गेले तिथून मल्हारराव गेले तिथपर्यंत बारा वर्षं आहेत, तिथे चित्र सावकाश विरू दे, एक सेकंद, सव्वा सेकंद, आणि मधे थोडा काळोख राहू दे. महेश्वरचा घाट आला की पटकन उमटू दे आणि पुष्कळ वेळ थांबू दे, लोकांना तो बघायचा असतो. थांबायचा वेळ काढायची माझी पद्धत अशी की खालच्या दोन ओळी मोठ्याने सावकाश वाचायच्या आणि घड्याळ लावायचं, तेवढा वेळ अधिक एक सेकंद. मंडळात आजीपण बसलेल्या असतात, त्यांच्या वाचण्याच्या वेगाने लाव.

अजून एक. मी वर टायमरला इतकं बोललो म्हणून घड्याळावर चालणारं सगळंच वाईट असं समजू नकोस. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात, गिरण्या कधीच्या बंद पडल्या तरी कामगारांनी ती परंपरा सोडली नाही, आणि त्या रात्रीची लायटिंग बघत आपण सगळेच मोठे झालो. मंडपातल्या लायटिंगला पूर्वी मोटरवर फिरणारा रोलर असायचा, त्याच्यावर तांब्याच्या पट्ट्या, पट्टी टेकली की ती माळ लागणार, सुटली की विझणार. तिथे कोणी कोणाची वाट बघत नाही, सगळे एकाच दांड्यावर बसलेत म्हणून क्रम कधी चुकत नाही. कॉम्प्युटरमध्ये याला टाइमलाइन म्हणतात, जीएसएपी नावाच्या लायब्ररीत ती फार चांगली बांधलेली आहे, एकाच टाइमलाइनवर सगळे फेड मांडायचे आणि मग अख्खी टाइमलाइन थांबव, उलटी चालव, हवी तिथून सुरू कर. तुझ्या कामात बटणं आहेत आणि चित्र यायची वाट बघायची आहे म्हणून तुला सराफ्याची पद्धत सांगितली. नुसतं बघायचं असतं, संगीताबरोबर जुळवायचं असतं, तर मी रोलरच सांगितला असता. बारा जणांच्या हातात बारा घड्याळं देणं मात्र दोन्हीपैकी काहीच नाही.

प्रश्न (तिलक नगर, इंदूर): दादा, मी शाळेत शिकवते, मुलांसाठी होळकरांच्या राजवाड्याचं एक इंटरॅक्टिव्ह चित्र एसव्हीजीमध्ये (रेषा आणि आकारांनी बनलेल्या चित्राच्या प्रकारात) केलंय. क्लिक केलं की सातही मजले खालून वर एकेक करून उमटायला हवेत, ते सगळे एकदमच येतात. आणि शेवटी माझ्या चित्रावरून आजच्या फोटोवर जाताना मध्यावर एकदम फिकट, पांढरट दिसतं. दोन्ही अर्धे-अर्धे केलेत, हिशोब बरोबर आहे मग असं का?

उत्तर: ताई, दुसऱ्या भागापासून सुरू करतो कारण त्यातला हिशोब खूप जणांना चकवतो. एक चित्र अर्धं अधिक दुसरं अर्धं म्हणजे पूर्ण, असं आपल्याला वाटतं, पण पारदर्शकतेची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. वरचं चित्र अर्धं असलं की त्याच्या मागचं अर्धं दिसतं. मागे दुसरं चित्रही अर्धंच आहे, म्हणून त्याच्याही मागचं अर्ध्याचं अर्धं, म्हणजे पाव भाग, पानाचा रंग येतो. तुमचं पान पांढरं आहे म्हणून बरोबर मध्यावर २५ टक्के पांढरं मिसळतं. काळं पान असतं तर त्याच जागी अंधारी आली असती.

म्हणून खालचं चित्र हलवूच नका. ते पूर्ण दिसत राहू दे, आणि वरचं फक्त शून्यापासून एकपर्यंत उमटवा. वरचं पूर्ण झाल्यावर, झाल्यावरच, खालचं काढून टाका, त्याला फेड द्यायची गरजच नाही कारण ते झाकलेलं आहे. दोन फेडच्या जागी एक फेड आणि त्याच्या शेवटाला एक काम. हे तेव्हाच जमतं जेव्हा वरच्या चित्राला रिकाम्या जागा नसतात, फोटो असेल तर नसतातच, तुमचा आजचा फोटो वर ठेवा आणि रेखाटन खाली.

आता मजले. सात एलिमेंटना एकाच लूपमध्ये फेड लावला की ते एकाच क्षणी सुरू होणार, लूप काही कोणासाठी थांबत नाही. दोन प्रकारे करता येईल. एक म्हणजे प्रत्येक मजल्यावर अवेट करायचा, पहिला पूर्ण झाला की दुसरा. पण सात मजले गुणिले ४०० म्हणजे २८०० मिलिसेकंद, जवळजवळ तीन सेकंद, आणि प्रत्येक मजल्यानंतर एक ठोका ऐकू आल्यासारखं वाटतं. मुलं कंटाळतील. दुसरा प्रकार मला इथे जास्त आवडेल: सगळे एकदमच सुरू करा पण प्रत्येकाला डिले द्या, मजल्याचा नंबर गुणिले १५०, तळमजला शून्य धरून. मग एक उमटत असताना दुसऱ्याची सुरुवात होते, वाडा खालून वर चढत गेल्यासारखा दिसतो, आणि सगळं ९०० अधिक ४००, म्हणजे १३०० मिलिसेकंदात आटपतं. यात फिल बॅकवर्ड्स ठेवा, नाहीतर वरचे मजले आपली पाळी येईपर्यंत पूर्ण दिसत बसतील आणि पाळी आली की एकदम गायब होऊन उमटायला लागतील. सातांचे प्रॉमिस एकत्र करून प्रॉमिस डॉट ऑलवर अवेट केला की सगळे झाल्याचं कळेल, मग फोटो उमटवा.

एक सुचवू का? राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे चार लाकडी. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये जरा जास्त थांबा, १५० च्या जागी ५००. मुलं आपणहून विचारतील इथे का थांबलं. आणि १९८४ च्या आगीबद्दल सांगणार असाल तर जळालेला भाग वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवा, म्हणजे तेवढाच विरवता येईल आणि पुढची दर्शनी बाजू उभी राहील, कारण ती खरोखरच उभी राहिली होती.

एसव्हीजीमध्ये स्क्रिप्ट न लिहिताही क्रम लावता येतो हे पण सांगून ठेवतो. त्याच्या स्वतःच्या ॲनिमेट टॅगला बिगिन असतं आणि त्यात "पहिल्या मजल्याचा शेवट अधिक अर्धा सेकंद" असं थेट लिहिता येतं, आयडी डॉट एंड अधिक वेळ. कोणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हा विचार किती स्वच्छ केला होता बघा. साध्या चित्राला ते पुरतं, बटणं वाढली की स्क्रिप्टच बरी.

प्रश्न (रामबाग, इंदूर): मी निवृत्त आहे. २००४ च्या सुमारास फ्लॅशमध्ये (हलती चित्रं बनवायच्या जुन्या प्रोग्राममध्ये) नातेवाइकांसाठी एक सीडी केली होती, घराण्याची वंशावळ, त्यात फोटो एकेक करून उमटायचे. आता ती कुठेच उघडत नाही. भाच्याने तेच आकडे घेऊन जावास्क्रिप्टमध्ये लिहून दिलं तर फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातात. जुना ठहराव परत येईल का?

उत्तर: काका, नमस्कार. येईल, नक्की येईल, आणि ती मूळ फाइल फेकू नका.

फ्लॅश प्लेअर ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात फाइली चालणंही अडवलं, म्हणून तुमची सीडी उघडत नाही, सीडीत बिघाड असेलच असं नाही. रफल नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, तो जुन्या फ्लॅश फाइली चालवतो आणि २००४ च्या ॲक्शनस्क्रिप्टला (फ्लॅशमध्ये कोड लिहायच्या भाषेला) त्याचा आधार चांगला आहे. आधी सीडीवरून एसडब्ल्यूएफ फाइल (फ्लॅशची फाइल) काढून त्यात चालवून बघा. सीडी जर फक्त ईएक्सई (थेट चालणारा प्रोग्राम) असेल तर ती साध्या विंडोजवर अजूनही चालण्याची बरीच शक्यता आहे, कारण त्यात प्लेअर आतच बांधलेला असायचा.

आता भाच्याच्या कोडबद्दल. तुमच्या मूळ कोडमध्ये ऑनएंटरफ्रेम (दर फ्रेमला चालणारा कोड) असणार, आणि दर फ्रेमला अल्फामध्ये, म्हणजे फ्लॅशमधल्या ओपॅसिटीत, ५ वाढवलेले असणार. तेव्हा अल्फा शून्य ते शंभर होता, म्हणजे वीस फ्रेम. फ्लॅशचा ठरलेला वेग सेकंदाला १२ फ्रेम होता, म्हणजे वीस फ्रेमना साधारण १.७ सेकंद लागायचे. हाच तुमचा ठहराव! आता ब्राउझर सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, वीस फ्रेम एक तृतीयांश सेकंदात संपतात, आणि भाच्याचा मॉनिटर १२० हर्ट्झचा असेल तर त्याच्याही निम्म्यात. आकडे बरोबर आहेत पण ते फ्रेमचे आकडे आहेत, वेळेचे नाहीत. भाच्याला सांगा की फ्रेम मोजू नकोस, सुरुवातीपासून किती मिलिसेकंद झाले ते बघ, त्याला १६६७ ने भाग, जो भाग येईल तीच ओपॅसिटी, एकच्या वर गेला तर एक धर. मग कुठल्याही स्क्रीनवर तेवढाच वेळ लागेल.

अजून एक गोष्ट त्याने तपासावी. आता ओपॅसिटी शून्य ते एक असते, म्हणून लोक दर वेळेला ०.१ वजा करतात आणि "बरोबर शून्य झालं की पुढचं" अशी अट घालतात. एकमधून ०.१ दहादा वजा केलं की कॉम्प्युटरला शून्य मिळतच नाही, शून्याला चिकटलेला एक सूक्ष्म आकडा उरतो, आणि अट कधीच खरी होत नाही. अट नेहमी "शून्य किंवा त्याहून कमी" अशी घालावी, आणि त्या सूक्ष्म उरलेल्यामुळे एक फेरी जास्त होऊ नये म्हणून मोजणी वेळेनेच करावी.

तुमच्या काळात फ्लॅश एमएक्स २००४ मध्ये ट्वीन नावाचा क्लास (एका किमतीपासून दुसरीपर्यंत हळूहळू नेणारा तयार कोड) आला होता आणि त्याला ऑनमोशनफिनिश्ड होतं, ट्वीन संपला की ते आपणहून हाक मारायचं. वरच्या सुदामा नगरच्या मुलाला मी जे सांगितलं तेच, वीस वर्षं आधी. तुमच्या सीडीत ते वापरलेलं असेल तर भाच्याला क्रम तिथूनच जसाच्या तसा उचलता येईल, आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर भावंडं, हा क्रम तुम्ही तेव्हा विचार करून लावला असणार, तो त्याच्याकडून बदलू देऊ नका.

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): माझं चित्र विरून जातं पण त्याच्या जागेवर क्लिक केलं तर खालचं बटण दाबलं जात नाही. आणि दुसरं टॅब उघडून परत आलं की फेड वेड्यासारखे एकामागून एक धावतात. जेक्वेरी (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) वापरतो.

उत्तर: ओपॅसिटी शून्य म्हणजे दिसत नाही एवढंच, ते चित्र तिथेच बसलेलं असतं आणि क्लिक खातं. फेड संपल्यावर व्हिजिबिलिटी हिडन करा. जेक्वेरीचं फेडआउट हे स्वतःहून डिस्प्ले नन करतं, त्यामुळे तुम्ही बहुतेक फेडटू किंवा ॲनिमेट वापरताय. त्याच्या शेवटच्या कॉलबॅकमध्ये (फेड संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हाइड करा, झालं.

टॅबचा प्रकार जुना आहे. टॅब मागे गेला की ब्राउझर त्याचं चित्र काढणं थांबवतो, टायमर मात्र हळू का होईना चालत राहतात. जेक्वेरी दर एलिमेंटची एक रांग ठेवते, तुमचा सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालणारा टायमर) त्या रांगेत फेड टाकत राहतो, पण चालवणारं कोणी नसतं. परत आलात की सगळी रांग एकदम सुटते. जेक्वेरी १.६ मध्ये चित्र काढण्याच्या तालावर फेड चालवायला घेतले होते, याच भानगडीमुळे १.६.३ मध्ये ते काढावं लागलं, आणि मग ३.० मध्ये परत आणलं. एका कार्यक्रमात माझ्याबरोबर हेच झालंय, पाहुण्यांची ओळख करून द्यायला मी दुसऱ्या टॅबमध्ये होतो, परत आलो तर स्क्रीनवर मिनिटभर सगळे फोटो लुकलुकत होते आणि ज्यांच्या सत्कारासाठी ते केलं होतं ते पुढेच बसलेले. मला अजून वाईट वाटतं त्याचं. सेटइंटरव्हल काढून टाका, एक फेड संपल्यावर त्याच्या कॉलबॅकमध्ये पुढच्याचा टायमर लावा, म्हणजे रांगेत कधीच एकाहून जास्त काही नसेल. चालू थांबवायचं असेल तर स्टॉपला दोन ट्रू द्या, पहिल्याने रांग रिकामी होते, दुसऱ्याने चालू फेड शेवटाला जाऊन बसतो.

प्रश्न (राजेंद्र नगर, इंदूर): आईला हलती चित्रं बघून गरगरतं. माझ्या पानावर फेड आहेत, सगळे काढून टाकू का?

उत्तर: सगळे नका काढू, आधी आईला विचारा नेमकं कशाने गरगरतं. बहुतेकांना सरकणं, झूम होणं, मागचं-पुढचं वेगवेगळ्या वेगाने हलणं सोसत नाही, साधा हळू फेड सोसतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत हालचाल कमी करायची सेटिंग असते, विंडोज ११ मध्येही ॲक्सेसिबिलिटीतल्या व्हिज्युअल इफेक्टमध्ये ॲनिमेशन बंद करता येतं. ती आईच्या फोनवर लावून द्या. मग तुमचं पान प्रेफर्स रिड्यूस्ड मोशन ही अट विचारू शकतं. ती लागू असेल तर सरकणं आणि झूम काढा, फेड छोटा ठेवा, आणि आपोआप पुढे जाणं बंद करून फक्त बटणावर ठेवा. ज्यांच्यासाठी आपोआप चालू ठेवताय त्यांनाही पाच सेकंदांच्या वर चालणार असेल तर थांबवायचं बटण द्यायलाच हवं. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काही असेल तर ते मात्र सगळ्यांसाठीच काढा, त्याने काही लोकांना फीट येऊ शकते.

एक लक्षात ठेवा, क्रम अवेटवर बांधला असेल तर यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही. फेडचा वेळ शून्य केला तरी तो संपल्याची वर्दी देतोच आणि पुढचं चित्र आपल्या पाळीनेच येतं. ट्रान्झिशनएंडवर बांधला असेल तर वेळ शून्य करू नका, इव्हेंट येणारच नाही आणि आईसमोर पहिलंच चित्र अडकून बसेल.